घोड्याच्या डाव्या खांद्याशी

पहाट उजाडता उजाडता चाळीस घोडी एकदम भिजला हरभरा चावू लागली, की मुठेकाठच्या त्या पागेत एक आवाज उठायचा. तो जात्याचा नव्हता आणि पावसाचाही नव्हता. ओल्या वाळूवरून पुष्कळ माणसे अनवाणी चालत गेली तर होईल तसा काहीसा होता. छपराच्या फटींतून उतरणारा धूसर सोनेरी प्रकाश, तोबऱ्यांतून वर येणारी उबदार वाफ, लिदीचा आणि ओल्या गवताचा संमिश्र गंध, आणि या साऱ्याच्या मधोमध, घोड्यांच्या दोन ओळींमधल्या वाटेवर, डोळे मिटून उभे असलेले खंडूबाबा. देवळात आरती ऐकत माणूस उभा राहतो तसे ते उभे असत. मध्येच डोळे उघडून ते एखाद्या घोड्याकडे बोट करत आणि घोड्यांची चाकरी करणारा मोतद्दार निमूटपणे त्याचे तोंड उघडून पाही. दाढ दुखत असायचीच. चाळीस तोंडांच्या त्या गजरातून एका तोंडाचा चुकलेला ताल यांना कसा ऐकू येतो, हे मला पुष्कळ दिवस कोडे होते. आणि कोड्यांचा मला मनापासून राग आहे.

राग का, तेही सांगून टाकतो. मी पोथ्या नकलणारा माणूस. कसब्यात माझे घर. बोरूला माझ्यासारखे टोक काढणारा पेठेत दुसरा नाही असे माझे मत होते आणि ते मी फारसे लपवीतही नसे. ही पागा ज्यांची, त्या आमच्या धन्यांच्या संग्रही घोड्यांच्या अस्थींची, लक्षणांची, रोगांची आणि स्वभावाची एक प्राचीन संस्कृत पोथी होती. तिचे मराठी करावे, पागेतल्या लोकांना समजेल असे करावे, आणि जिथे अडेल तिथे पागेच्या सालोत्र्याला, म्हणजे घोड्यांच्या वैद्याला, विचारावे, अशी आज्ञा झाली. पहिल्या दोन गोष्टी मला मान्य होत्या. तिसरी नाकाला झोंबली. ज्याला ‘श्री’ काढता येत नाही त्याला विचारून मी पोथी लावायची? पण आज्ञा ती आज्ञा. श्रावण सरता सरता एके सकाळी काखेत पोथीचे बासन आणि मनात आढ्यता घेऊन मी पागेत दाखल झालो.

त्या पहिल्याच दिवशी पागेतला सर्वांत देखणा घोडा बघावा म्हणून मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो, तर मागून कुणीतरी कोपराला धरून मला बाजूला ओढले.

“नाकाम्होरं उभं ऱ्हाऊ नगासा, पंत,” पागेचे सालोत्री खंडूबाबा म्हणाले. “तितं तुमी त्येला दिसत न्हाय.”

मला हसू आले. डोळ्यांसमोर उभा असलेला माणूस दिसत नाही, हे शास्त्र मला नवीन होते. मी तसे बोलून दाखवले. संध्याकाळी घरी पोचलो, तर आमच्या कुटुंबाने मला दारातच अडवले. “अहो, आधी विहिरीवर जा,” ती म्हणाली, “पोथी वाचून आलात की लिदीत लोळून आलात?” त्या वर्षात हा प्रश्न मी रोज ऐकला.

खंडूबाबांचे वय कुणालाच ठाऊक नव्हते. घोड्याचे वय दातांवरून बिनचूक सांगणाऱ्या या गृहस्थांना त्यांचे स्वतःचे वय विचारले, की ते आ करून दाखवत. आत मोजण्याजोगे काही उरलेच नव्हते. अंगाने काटकुळे, कमरेत किंचित वाकलेले, आणि पायांना घोड्याच्या पाठीची इतकी सवय, की जमिनीवर ते पाय उसने आणल्यासारखे चालत. हातांना मात्र वार्धक्य शिवले नव्हते. ओव्याचा, हिंगाचा आणि घोड्याच्या घामाचा वास मुरलेले ते हात जनावराच्या अंगावरून फिरू लागले, म्हणजे आंधळा माणूस स्वतःच्या घरात वावरतो तसे फिरत: जबड्याखाली उडणारी शीर, छातीचा भाता, बरगड्यांमागची ती मऊ जागा जिथे कान लावला की आतड्यांची गुडगुड ऐकू येते. ही गुडगुड थांबली की सालोत्र्याची झोप उडते, असे ते म्हणत. माणसाला मळमळले तर तो ओकून मोकळा होतो. घोड्याला ओकताच येत नाही. जे आत गेले ते त्याला पुढेच न्यावे लागते, नाहीतर त्यापायी मरावे लागते.

पोथीत घोड्याच्या वात-पित्त-कफांची मोठी रसाळ चर्चा आहे. ती मी त्यांना ठसक्यात वाचून दाखवली. ते एका घोडीला खरारा करता करता ऐकत होते.

“पित्त आसंल, पंत,” ते म्हणाले, “पर पित्ताची पिशवी न्हाय घोड्याला. माणसाला आसती, शेळीला आसती. ह्येला न्हाय.”

“कशावरून म्हणता?”

“मेलेलं घोडं उघडून बघितलं की. आदी बापानं दावलं, मग म्या बघितलं. काळजाखाली हात घालून धुंडलं. न्हाय म्हंजी न्हाय.”

मी दोन दिवस पोथी चाळली. पिशवी आहे असे तीत म्हटले नव्हते आणि नाही असेही म्हटले नव्हते. तिथे पोथीने शहाण्यासारखे मौन पाळले होते. माझ्या आढ्यतेला पहिला तडा तिथे गेला असावा, पण मी तो मान्य केला नाही.

दातांचे प्रकरण निघाले तेव्हा मात्र वेगळेच घडले. घोड्याच्या दातांवरच्या खुणा आधी काळ्या असतात, मग पिवळसर होतात, मग पांढऱ्या, मग काचेसारख्या, मधाच्या रंगाच्या, शंखासारख्या. पुढे दातात उखळासारखा खळगा पडतो, दात हलू लागतात आणि शेवटी गळून जातात. या क्रमाने पोथी घोड्याचे सारे आयुष्य मोजते. मी वाचत होतो आणि खंडूबाबांचा हात खराऱ्यावर थांबला होता. त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावले. मग एका म्हाताऱ्या घोडीचे तोंड उघडून, एकेका दातावर बोट ठेवत, त्यांनी तोच क्रम त्यांच्या भाषेत मला म्हणून दाखवला, जसा त्यांना त्यांच्या बापाने शिकवला होता, आणि त्याला त्याच्या बापाने. कोण कुठला तो ग्रंथकार, किती शतकांपूर्वीचा, आणि कुठले हे खंडूबाबा! दोघांचे बोट एकाच दातावर टेकले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी ते लपवले नाही.

“ज्यानं ह्ये लिवलं,” ते म्हणाले, “त्यानं तोंडात हात घातला व्हता.”

तेव्हापासून आमच्या दोघांची ती कसोटीच ठरली. मी प्रकरण वाचायचे आणि त्यांनी निवाडा द्यायचा: हा हात घातलेला, की हा ऐकून लिहिलेला. घोडा उभ्या उभ्या डुलक्या घेतो पण खरी झोप आडवा पडूनच घेतो, आणि तीही जवळचे दुसरे घोडे जागे असेल तरच: हे हात घातलेल्याचे. गुडघ्याखाली घोड्याला मांस नसते, नुसत्या दोऱ्या आणि हाडे, म्हणून तिथली जखम हसण्यावारी नेऊ नये: हेही त्याचेच. मग आले भोवऱ्यांचे प्रकरण. घोड्याच्या अंगावर केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. तो कुठे असला तर धन्याला राज्यलाभ आणि कुठे असला तर सर्वनाश, याचे वर्णन. पोथीतले सर्वांत लांब आणि वाचायला सर्वांत गोड प्रकरण हेच. खंडूबाबा सगळे ऐकत बसले आणि शेवटी उठता उठता म्हणाले, “ऐकून लिवलंय.”

मला ते लागले. आणि पागेच्या दारोगांना तर साऱ्या पोथीतून तेवढे एकच प्रकरण हवे होते. काळजाखाली पिशवी आहे की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. दसऱ्याला धनी ज्या घोड्यावर बसून सीमोल्लंघनाला निघतील त्याच्या अंगावर अशुभ काही नसावे, एवढीच त्यांची चिंता. माणसाच्या भीतीला अक्षर सापडले की तिचे शास्त्र होते. तेव्हा मला हे उमगले नव्हते, कारण ते अक्षर माझे होते.

पागेत हरणी नावाची एक तरुण घोडी होती. तिची आई तिला जन्म देताना खंडूबाबांच्या हातावर गेली. आईविना राहिलेल्या त्या लांब पायांच्या, थरथरणाऱ्या जिवाला त्यांनी गाईचे दूध पाणी घालून, गूळ घालून, कापडाच्या बोळ्याने पाजले होते. आता ती तीन वर्षांची होती. तिच्या पाठीवर पडलेले ऊन घसरून खाली येईल असे वाटावे इतकी तुकतुकीत. खंडूबाबा जिभेने टाळूवर एक हलका टकार वाजवत, आणि पागेच्या दुसऱ्या टोकाला तिचा एक कान, फक्त एकच, त्यांच्याकडे वळे. चारा खाणे न थांबवता ती तेवढी दाद देई. त्या एका कानाच्या वळण्यावर हा म्हातारा दिवसभर प्रसन्न असायचा. त्यांना मूलबाळ नव्हते, हे मला पागेतल्या इतरांकडून कळले. ते कधी बोलले नाहीत.

नवरात्राच्या पाचव्या माळेला अश्वपरीक्षा ठरली. पाऊस उघडून आश्विनातले ऊन लख्ख पडले होते, पटांगण शेणाने सारवले होते, खांबांना झेंडूचे तोरण बांधले होते. दारोगा चौरंगावर बसले. मी कागद लावलेली पाटी, बोरू आणि दौत घेऊन उभा. त्या सकाळी मी स्वतःला फार मोठा वाटत होतो, हे कबूल करतो. एकेक घोडा पुढे आणायचा, मी त्याच्या पुढ्यात उभे राहून आपादमस्तक न्याहाळायचा, भोवरे मोठ्याने सांगायचे आणि पाटीवर उतरवायचे, असा क्रम. बहुतेकांचे भोवरे कपाळावर, मधोमध. त्यांत सांगण्यासारखे काही नव्हते. दोनच घोड्यांना छातीवर, बाजूला भोवरा निघाला. पोथीप्रमाणे छातीच्या उजव्या अंगाचा भोवरा धन्याचा उत्कर्ष करतो आणि डाव्या अंगाचा धन्याचा घात करतो.

आधी आला माणक्या, तांबूस रंगाचा, जरा खुळसट आणि खादाड. मी बोललो, “उजवे अंग. शुभ.” नंतर हरणी आली. तिची दोरी खुद्द खंडूबाबांच्या हातात होती. मी तिच्या पुढ्यात उभा राहिलो, नीट पाहिले, आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणालो, “डावे अंग.”

खंडूबाबांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी ओळीत बांधलेल्या माणक्याकडे पाहिले, आणि पुन्हा माझ्याकडे. ते काहीतरी बोलतील असे मला वाटले. ते बोलले नाहीत. दारोगांनी हात हलवला. घोडी पुण्यात ठेवायची नाही, वाघोलीच्या एका शेतकऱ्याने घोडे मागितलेच आहे, त्याला देऊन टाका, असा हुकूम झाला. आणि माणक्या धन्यांच्या सीमोल्लंघनासाठी निवडला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हरणी गेली. तिला न्यायला आलेल्या माणसाच्या हाती दोरी देताना खंडूबाबांनी त्याला एवढेच सांगितले, “पानी दाखवताना शीळ घाला. शीळंबिगर पीत न्हाय ती.” नंतर ते पागेत गेले आणि रोजच्यासारखे कामाला लागले. त्या दिवशी मला वाईट वाटले, पण तो शास्त्राचा निर्णय होता; शास्त्रापुढे माझाही इलाज नव्हता, असे मी घरी सांगितले. आमच्या कुटुंबाने ताटात भात वाढता वाढता विचारले, “आणि घोडीला काय सांगितलंत?”

मार्गशीर्ष लागला. थंडीने घोड्यांच्या अंगावर दाट लव आली होती. मी स्वारीच्या प्रकरणापर्यंत पोचलो होतो, आणि स्वार डाव्या बाजूनेच का चढतो हे मला लिहायचे होते.

“तलवार डाव्या कमरंला आसती, म्हनून,” खंडूबाबा म्हणाले. “उजवीकडनं चढाल तर पायात यील. या, दावतो.”

त्यांनी माझे कोपर धरले, जसे पहिल्या दिवशी धरले होते, आणि मला माणक्याच्या डाव्या खांद्याशी नेऊन उभे केले, त्याचे तोंड जिकडे तिकडेच माझे तोंड. आयुष्यात पहिल्यांदा मी घोड्याच्या समोर नव्हतो, त्याच्या सोबतीला उभा होतो. माझा डावा हात आणि त्याचा डावा पाय एकाच बाजूला आले. मी सहज खाली पाहिले. त्याच्या छातीवरचा भोवरा या बाजूला होता. डाव्या.

हे समजायला मला एक श्वास पुरला. समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांचे डावे-उजवे उलट असते, हे पोरालाही ठाऊक असते. पण मी पाटी धरून समोर उभा राहिलो होतो आणि माझे डावे तेच जगाचे डावे धरून चाललो होतो. आयुष्यभर मी कागदासमोर बसलो. कागदाला स्वतःचे डावे-उजवे नसते; लिहिणाऱ्याचे जे असेल तेच त्याचे. घोड्याला मी कागदासारखे वाचले होते.

“बाबा,” मी कसाबसा म्हणालो, “हा भोवरा...”

“दिसला का?” ते म्हणाले. “दोन म्हैन्यानं दिसला.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? त्या दिवशीच?”

“घोड्याचं डावं-उजवं घोड्यावर बसून मोजत्यात, पंत. ह्ये आमच्यातलं शेंबडं पोर सांगंल.”

मी उपरणे सावरले आणि दारोगांच्या ओसरीकडे धावतच निघालो. आताच्या आता सांगायचे, चूक माझी, हरणी निर्दोष आहे, तिला परत आणा. चार पावले गेलो असेन, तोच त्यांनी मागून माझे मनगट धरले. त्या हातात किती जोर होता ते त्या दिवशी कळले.

“काय सांगताल?” त्यांनी विचारले.

“खरं ते सांगेन. भोवरा हरणीला उजव्या अंगाला आहे, डाव्या अंगाला माणक्याला आहे.”

“आन् मग माणक्याला काढत्याल. त्येनं कुनाचं काय केलं?”

मी थांबलो. माणक्या तोबऱ्यात तोंड खुपसून आमच्याकडे ढुंकूनही न पाहता खात होता.

“त्या दिशी दोघांतल्या येकाला जायाचंच व्हतं,” खंडूबाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, औषधाचे प्रमाण सांगावे तसा. “तुमचं चुकलं म्हनून म्या बोललो आसतो, तर दुसरं ग्येलं आसतं. हरणीला म्या बोळ्यानं दूद पाजलंय. ती माज्या घरची. घरच्याला पाठवता येतं, पंत. दुसऱ्याचं कसं पाठवायचं?”

अश्वपरीक्षेच्या दिवशी त्यांनी माझ्याकडे, मग माणक्याकडे, आणि पुन्हा माझ्याकडे जे पाहिले होते, ते काय होते हे मला तेव्हा कळले. तेवढ्या वेळात त्यांनी त्यांचे सगळे देऊन टाकले होते, आणि पटांगणातल्या कुणालाही काही दिसले नव्हते. मी तिथेच गवताच्या भाऱ्यावर बसलो आणि रडलो. बाबांनी मला रडू दिले. मध्ये एकदा एक मोतद्दार आत डोकावला, त्याला त्यांनी हाताच्या खुणेने परत पाठवले.

घरी सगळे सांगितले तेव्हा आमच्या कुटुंबाने पाट मांडला. मग ती म्हणाली, “विहिरीवर नंतर जा. आधी बसा.”

बाबा दर दुसऱ्या रविवारी वाघोलीला जात हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. पुढच्या खेपेला मीही सोबत निघालो. येरवड्याच्या उतारावर नदी गुडघाभर होती. ती ओलांडून आम्ही नगरच्या वाटेला लागलो. दोन्ही अंगांना ज्वारी हुरड्यावर आलेली, दव अजून पानांवर, आणि बाबा त्यांच्या उसन्या पायांनी माझ्या पुढे. वाघोलीच्या शिवारात एका बाभळीखाली हरणी बांधलेली होती. तिची कातडी पूर्वीसारखी तुकतुकीत नव्हती, पण अंगाने भरली होती. बाबांनी टकार वाजवला. एक कान वळला. मग, पागेत ती कधी करत नसे ते तिने केले: खाणे सोडले, मान वर केली आणि नाकपुड्या फुलवून बाबांच्या दिशेने श्वास घेतला. शेतकरी म्हणाला, “लई गुणाची हाय. घरची बाय बसती हिच्यावर, बाजाराला जाती.”

मला तिची क्षमा मागायची होती. घोडीची क्षमा मागणे हा वेडेपणा आहे हे मला कळत होते, तरी मागायची होती. मी सरळ तिच्या नाकासमोर गेलो. ती दचकून मागे सरली, दोरी ताणली गेली. मी जिथे उभा होतो तिथे तिच्यासाठी कुणीच नव्हते; रिकाम्या जागेतून एकाएकी माणसाचा वास आणि आवाज आला होता. बाबांनी तिसऱ्यांदा माझे कोपर धरले.

“हितं या. खांद्यापाशी. आता उभं ऱ्हावा.” मी उभा राहिलो. तिचा मोठा, काळाभोर, ओला डोळा सावकाश माझ्यावर स्थिर झाला. त्यात बाभूळ होती, आभाळ होते, आणि लहानसा, वाकडा, पागोटे घातलेला मी होतो. “आता ती तुमास्नी बगतीया,” बाबा म्हणाले.

मी तिच्या मानेवर हात ठेवला. जे काही बोलायचे होते ते बोललो. बाबा थोडे दूर जाऊन शेतकऱ्याशी ज्वारीविषयी बोलू लागले.

पोथीचे मराठी फाल्गुनात पुरे झाले. पित्ताच्या पिशवीची गोष्ट मी तीत घातली, ओकता न येण्याचीही घातली, आणि ज्या गोष्टी मूळ ग्रंथात नव्हत्या त्यांच्यापुढे ‘पाहिलेले’ असे लिहिले. भोवऱ्यांचे प्रकरण मी मराठीत आणलेच नाही. नकलनविसाने प्रकरण गाळणे हे महापाप, हे मला शिकवलेले आहे आणि मी ते मानतो. पण जनावर घराबाहेर घालवणारे अक्षर माझ्या बोरूतून पुन्हा उतरणार नाही, असे मी ठरवले आणि त्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. त्या जागी एकच ओळ लिहिली: परीक्षकाने घोड्याच्या समोर उभे राहू नये, डाव्या खांद्याशी उभे राहावे. दारोगांनी पोथीला हळदकुंकू वाहिले आणि ती उंच कोनाड्यात ठेवली. तिथे ती अगदी सुरक्षित राहिली, कारण तिला कुणी कधी उघडले नाही. घातकी भोवऱ्याचा माणक्या पुढे कितीतरी दसऱ्यांना धन्यांना घेऊन निघाला आणि प्रत्येक मोहिमेवरून त्यांना सुखरूप घरी घेऊन आला. म्हातारपणी तो फारच लठ्ठ झाला होता.

खंडूबाबा एका आश्विनात गेले, पागेतच, दुपारच्या शांत वेळी. शेवटच्या वर्षी त्यांना चालवत नसे, तेव्हा वाघोलीच्या रविवारच्या खेपा मी करी आणि परत आलो की हरणीच्या कानाची हकीकत त्यांना सांगे. ते गेल्यावर मी एकदा तिच्यापाशी गेलो आणि त्यांच्यासारखा टकार वाजवला. तिचा कान वळला, क्षणभर थांबला, आणि पुन्हा जागेवर गेला. तिला फरक कळला होता.

आता माझेही दात हलू लागले आहेत; पोथीच्या हिशेबाने मी शेवटून दुसऱ्या खुणेवर आहे. सकाळी कधी नदीकडे गेलो आणि कुणाच्या दारात एखादे घोडे हरभरा चावत असले, तर मी डोळे मिटून थांबतो आणि ऐकतो. मला दाढ दुखलेली ओळखू येत नाही. पण घोड्याच्या नाकासमोर जशी एक जागा असते, की तिथे उभा असलेला त्याला दिसत नाही, तशी माणसालाही असते, हे मी आता खात्रीने सांगू शकतो. ते वर्षभर बाबा माझ्या तशाच जागी उभे होते आणि मी त्यांच्या पलीकडे पोथीत पाहत होतो. ते समोरून गेले, आणि तेव्हापासून मला रोज दिसतात.